विश्लेषण : कोल्हापूरचे १० लाख इंग्रजी शब्द मिरजगावच्या वर्गात कधी पोहोचणार?

भारतीय इंग्रजीचा पहिला संगणकीय संग्रह महाराष्ट्रात तयार झाला. जगभरच्या संशोधकांनी तो वापरला. मराठी माध्यमाच्या वर्गात मात्र त्याचे नावही क्वचितच निघते. हे चित्र बदलण्यासाठी आता मोठ्या निधीची नाही, वेगळ्या सवयीची गरज आहे.

'मी परीक्षा दिली' हे इंग्रजीत कसे सांगायचे? कर्जत तालुक्यातील मिरजगाव असो की मुंबई, मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी बहुधा 'आय गेव्ह द एक्झाम' असेच म्हणेल. व्याकरणाचे पुस्तक त्यावर लाल रेघ मारेल. परीक्षेला बसणारा ती 'टेक' करतो, 'गिव्ह' करतो तो परीक्षा घेणारा, असा नियम आहे. पण भारतातील कोचिंग क्लासच्या जाहिराती आणि संकेतस्थळे पाहिली तर 'गिव्ह'ही भेटते. मग खरे कोणाचे?

याचे उत्तर शिक्षक आठवणीने देतात, गाइड ठोकून देते आणि मोबाइलवरचा चॅटबॉट आत्मविश्वासाने देतो. भाषाविज्ञानाची एक शाखा मात्र गेली ६० वर्षे वेगळेच सांगते आहे : मत विचारू नका, मोजा. या शाखेचे नाव कॉर्पस भाषाविज्ञान.

कॉर्पस म्हणजे नेमके काय?

माती परीक्षणाचे उदाहरण घेऊ. शेतातली सगळी माती कोणी प्रयोगशाळेत नेत नाही. वेगवेगळ्या ठिकाणची थोडी थोडी माती घेऊन नमुना तयार होतो आणि त्यावरून खताचा निर्णय होतो. कॉर्पस हा भाषेचा असाच नमुना आहे. बातम्या, कथा, सरकारी कागद, संशोधन लेख, गप्पा अशा प्रत्यक्ष वापरातील मजकुराचे तुकडे ठरावीक प्रमाणात गोळा करून संगणकात साठवायचे. मग कोणता शब्द किती वेळा येतो, कोणासोबत येतो, बोलण्यात येतो की लिहिण्यात, हे तपासायचे.

कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. त्यासाठी दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून सुमारे १ कोटी चिठ्ठ्या हाताने लिहून काढल्या गेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो ग्रंथात कसा आला त्याचा दाखला. संगणकाने पुढे हेच काम वेगाने करायला घेतले.

इंग्रजीचा पहिला मोठा संगणकीय संग्रह अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात १९६४ मध्ये पूर्ण झाला. १९६१ मध्ये छापलेल्या मजकुराचे ५०० नमुने, प्रत्येक नमुना २,००० शब्दांचा, म्हणजे एकूण १० लाख शब्द. त्याच मापाचा ब्रिटिश संग्रह नंतर लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गन येथील अभ्यासकांनी मिळून केला.

यात कोल्हापूर कुठे आले?

अमेरिकी आणि ब्रिटिश इंग्रजी मोजून झाली, मग भारतीयांच्या इंग्रजीचे काय, असा प्रश्न शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातील प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी घेतला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भारतात १९७८ मध्ये छापल्या गेलेल्या इंग्रजी मजकुराचे ५०० नमुने गोळा केले. माप ब्राऊनचेच ठेवले, म्हणजे तुलना सरळ करता यावी. १९७८ हे वर्षही विचार करून निवडले होते. स्वातंत्र्यानंतर ३० वर्षांत भारतीय इंग्रजीला स्वतःचा चेहरा आला असेल, अशी त्यामागची धारणा होती.

हा 'कोल्हापूर कॉर्पस' १९८६ च्या सुमारास पूर्ण झाला आणि नॉर्वेतील बर्गनमधून जगभरच्या संशोधकांना उपलब्ध झाला. तेव्हा मजकूर कॉपी-पेस्ट होत नव्हता. छापील पानावरचा प्रत्येक शब्द बसून संगणकात भरावा लागे. त्या काळात एका राज्य विद्यापीठाने केलेले हे काम होते.

कोल्हापूर तेथेच थांबले नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सिडनी ग्रीनबॉम यांच्या पुढाकाराने देशोदेशीच्या इंग्रजीचे एकाच मापाचे संग्रह करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यातील भारताचा भाग शिवाजी विद्यापीठ आणि बर्लिनचे फ्री युनिव्हर्सिटी यांनी मिळून केला. तो २००२ मध्ये आला. यातही १० लाख शब्द आहेत, पण त्यातील ६० टक्के बोलीतील : संभाषणे, वर्गातील शिकवणे, भाषणे, चर्चा. भारतीय माणूस इंग्रजी लिहितो कसे, यापेक्षा बोलतो कसे, हे मोजायची सोय त्यामुळे झाली.

मोजल्यावर काय हाती लागले?

पहिला धक्का शब्दांच्या वारंवारतेचा. ब्राऊन संग्रहात 'द' हा एकच शब्द जवळपास ७ टक्के जागा घेतो. म्हणजे साधारण दर १४ शब्दांमागे एक 'द'. मराठीत या शब्दाला जोडीदारच नाही. 'पुस्तक टेबलावर आहे' या वाक्यात पुस्तक कोणते, हे संदर्भावरून कळते. म्हणजे इंग्रजीतील सर्वाधिक वापराचा शब्दच मराठी मुलासाठी सर्वात निसरडा आहे. त्याला 'आर्टिकल्स'च्या एका धड्यात आणि दोन गुणांच्या रिकाम्या जागांत आटोपणे कितपत शहाणपणाचे?

दुसरी गोष्ट शब्दसंख्येची. ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देणारे मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील मुलांच्या वाचनाचा प्रश्न १९२० च्या दशकात अभ्यासला होता. त्यांची सुमारे २,००० मूळ शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. असे २,००० शब्द आणि त्यांची रूपे पक्की असतील, तर साध्या इंग्रजी मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द ओळखीचे निघतात, असा शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांचा अंदाज आहे. मात्र कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर ८ ते ९ हजारांपर्यंत जावे लागते. याचा साधा अर्थ : आधी काय आणि नंतर काय शिकवायचे, याला क्रम आहे आणि तो मोजता येतो.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. १९९९ मध्ये डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी ४ कोटी शब्दांच्या संग्रहावर आधारलेले इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात बोलण्यातील क्रियापदांपैकी कर्मणी प्रयोग, म्हणजे 'पॅसिव्ह व्हॉइस', सुमारे २ टक्केच आढळला. शास्त्रीय लेखनात हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास गेले. आपल्याकडे 'डू ॲज डायरेक्टेड' या सदराखाली 'चेंज द व्हॉइस'चा रट्टा विद्यार्थी वर्षानुवर्षे मारतात. विज्ञानाचा अहवाल लिहिणाऱ्याला तो लागेलच. पण मुलाखतीत दोन वाक्ये बोलायला घाबरणाऱ्या मुलाचा वेळ आपण नेमका कुठे खर्च करतो, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

चौथी गोष्ट शब्दांच्या सोबतीची. मराठीत चहा कडक असतो, थंडी कडाक्याची असते आणि पाऊस मुसळधार. 'मुसळधार थंडी' म्हटले तर व्याकरण चुकत नाही, तरी ऐकणारा हसतो. इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग' असतो, पाऊस मात्र 'हेवी'. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, हा विचार मांडणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे बर्मिंगहॅमचे जॉन सिंक्लेअर यांनी याच विचारावर 'कोबिल्ड' कोश उभा केला. १९८७ मधील या कोशाने उदाहरणे मनाने रचली नाहीत, संग्रहातून घेतली.

म्हणजे आपले इंग्रजी चुकीचे नाही?

येथेच कोल्हापूरचे काम सर्वात उपयोगी पडते. भारतीयांच्या 'चुकां'च्या याद्या फार जुन्या आहेत. 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'डिस्कस अबाउट', 'यस्टर्डे ओन्ली', 'प्रीपोन'. या याद्या एका पुस्तकातून दुसऱ्यात आणि आता रील्समध्ये फिरतात. संग्रहाने त्यांची तीन भागांत विभागणी करता येते.

पहिला भाग मराठी किंवा इतर मातृभाषांच्या वळणाचा. 'तो कालच आला' यातला 'च' इंग्रजीत न्यायचा तर जीभ 'ओन्ली' शोधते आणि 'ही केम यस्टर्डे ओन्ली' असे वाक्य होते. बोलीचा संग्रह हाती आल्यावर संशोधकांनी या 'ओन्ली'चा स्वतंत्र अभ्यास केला. ती कोणा एका विद्यार्थ्याची चूक नसून भारतीय बोलण्यातील नियमित लकब आहे, हे त्यातून पुढे आले.

दुसरा भाग फक्त आपला नाही. 'डिस्कस'ला 'अबाउट' जोडण्याची सवय आफ्रिका आणि आग्नेय आशियातील इंग्रजीतही नोंदली गेली आहे. 'टॉक अबाउट' चालते, 'डिस्कशन अबाउट' चालते, मग 'डिस्कस अबाउट' का नको, असा तर्क माणसाचे डोके सगळीकडे सारखाच करते.

तिसरा भाग गंमतीचा आहे. छापील भारतीय इंग्रजी प्रत्यक्ष मोजल्यावर, याद्यांमधील अनेक प्रसिद्ध 'भारतीय' प्रयोग अपेक्षेपेक्षा फारच विरळ निघाले. म्हणजे ज्या चुकांची आपण इतकी चेष्टा करतो, त्यांतील काही आपण लिहिताना फारशा करतही नाही.

याचा अर्थ 'काहीही चालते' असा नाही. अर्थ असा की शिक्षकाने 'हे चूक' म्हणून थांबू नये. कुठे चालते आणि कुठे अडते, हे सांगावे. 'गिव्ह एक्झाम' मित्राला कळते. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात किंवा इंग्रजीच्या परीक्षेत 'टेक' लिहावे. एवढे सांगितले तर मुलाला दोन्ही हाती लागते : अचूकता आणि आत्मविश्वास. नुसत्या लाल रेघेतून तो एकच धडा घेतो, की तोंड न उघडलेले बरे.

मग वर्गापर्यंत हे का आले नाही?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २०००-०१ मध्ये सुरू झाले. त्या पहिल्या तुकडीतील मुले आज तिशीत आहेत. नगर-सोलापूर मार्गावरील मिरजगावसारख्या मोठ्या गावातील मूलही दहावीपर्यंत सलग १० वर्षे इंग्रजी शिकते. पुढे बँकेची परीक्षा, अभियांत्रिकीचा पहिला वर्ग, पुण्यातील मुलाखत, या प्रत्येक दारावर याच १० वर्षांचा हिशेब होतो. तो जुळला नाही तर दोष मुलाच्या 'ग्रामीण' असण्याला दिला जातो. काय आणि का शिकवले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कॉर्पसचे ज्ञान विद्यापीठांत अडकून पडण्याची कारणे साधी आहेत. पूर्वी संग्रह टेपवर आणि सीडीवर असत, पैसे आणि संगणक लागत. संशोधन इंग्रजीत, नियतकालिके महागडी. शिक्षकाच्या प्रशिक्षणात अध्यापन पद्धतींची नावे पाठ करून घेतली जातात, शब्द शोधून दाखवायला सहसा कोणी सांगत नाही. पण यातले पहिले कारण आता उरलेले नाही. 'स्केल' हे संकेतस्थळ मोबाइलवर, खाते न उघडता चालते. शब्द टाकला की प्रत्यक्ष वापरातील वाक्ये आणि त्या शब्दाचे सोबती समोर येतात. 'अँटकॉन्क' हे सॉफ्टवेअर संगणकावर मोफत उतरवता येते आणि स्वतः जमवलेला मजकूर त्यात तपासता येतो.

जगात संशोधन आता कुठे चालले आहे?

तीन दिशा ठळक आहेत. पहिली, बोलणे. ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठ आणि केंब्रिज प्रकाशनाने २०१७ मध्ये १ कोटी १५ लाख शब्दांचा संभाषण संग्रह खुला केला. त्यासाठी सामान्य लोकांनी घरातील गप्पा स्वतःच्या स्मार्टफोनवर रेकॉर्ड करून दिल्या होत्या.

दुसरी, शिकणाऱ्यांचे इंग्रजी. बेल्जियममध्ये सिल्वियान ग्रँजे यांनी १९९० मध्ये वेगवेगळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे निबंध जमवायला सुरुवात केली. कोणत्या भाषेचे मूल इंग्रजीत कुठे अडखळते, हे त्यातून दिसू लागले. केंब्रिजने तर आपल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचाच संग्रह केला आणि त्याचा उपयोग पाठ्यपुस्तकांसाठी केला.

तिसरी, वर्गात थेट वापर. बर्मिंगहॅमचे टिम जॉन्स यांनी १९९० च्या सुमारास 'डेटा-ड्रिव्हन लर्निंग' ही पद्धत पुढे आणली. शिक्षक नियम सांगत नाही. तो संग्रहातील ओळी समोर ठेवतो आणि विद्यार्थी गुप्तहेरासारखा त्यातून नियम शोधतो. २०१७ मध्ये अशा ६४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा परिणाम भरीव दिसला. एक सावधगिरी मात्र हवी. यातील बहुतेक प्रयोग महाविद्यालयीन वयाच्या विद्यार्थ्यांवरचे आहेत, शाळेतल्या मुलांवरचे थोडे.

आणि एआय? चॅटबॉट हेदेखील प्रचंड मजकुरावर शिकलेलेच आहेत, म्हणजे कॉर्पसचेच वंशज. फरक पुराव्याचा आहे. चॅटबॉट निकाल सांगतो, संग्रह साक्षीदार उभे करतो. कॉर्पसमधील ४० ओळी पाहून विद्यार्थी शिक्षकाशी आणि पुस्तकाशीही वाद घालू शकतो. चॅटबॉटच्या उत्तरावर मात्र त्याला नुसता विश्वास ठेवावा लागतो.

मिरजगावात काय करता येईल?

थोडे गणित. एका तुकडीत ५० विद्यार्थी धरा. प्रत्येकाने वर्षभरात इंग्रजीत १० निबंध किंवा पत्रे लिहिली, प्रत्येकी १०० शब्दांची. एका तुकडीचे ५० हजार शब्द झाले. अशा २० तुकड्या म्हणजे १० लाख शब्द, नेमका कोल्हापूर कॉर्पसएवढा आकार. मिरजगाव आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांनी एकत्र यायचे ठरवले तर हा आकडा दोन-तीन वर्षांत गाठता येईल.

मराठी माध्यमाच्या मुलांच्या इंग्रजीचा असा खुला संग्रह झाला तर काय होईल? 'द' कुठे गळतो, 'च' कुठे 'ओन्ली' होतो, पाचवीत असलेली कोणती चूक दहावीत आपोआप जाते आणि कोणती शिकवूनही जात नाही, हे अंदाजाने नव्हे तर आकड्याने सांगता येईल. आपोआप जाणाऱ्या चुकीवर तास घालवायची गरज उरणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत. वह्या हाताने लिहिलेल्या असतात, त्या टाइप कराव्या लागतील. मोबाइलची ऑटोकरेक्ट सोय बंद ठेवावी लागेल, नाहीतर ज्या चुका मोजायच्या त्याच पुसल्या जातील. मुलांची नावे काढावी लागतील आणि पालकांची संमती घ्यावी लागेल. हे काम शाळेच्या शिक्षकावर टाकू नये, त्यांच्याकडे शाळाबाह्य कामांची कमतरता नाही. इंग्रजी घेऊन बीए, एमए करणाऱ्यांचे प्रकल्प यासाठी वापरावेत. त्याच त्या कादंबऱ्यांवरील तेच ते प्रकल्प दरवर्षी जमा करण्यापेक्षा प्रत्येकाने ५ हजार शब्द टाइप करून तपासले तर ते संशोधन ठरेल.

मोठ्या संस्थांनीही आपला वाटा उचलावा. दहावीच्या परीक्षेला राज्यात दरवर्षी १५ लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. त्यांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका हा जगात कोठेही नसलेला खजिना आहे. निकाल लागला की त्याचा उपयोग संपतो. राज्य मंडळाने त्यातील काही हजार उत्तरपत्रिका नावे काढून विद्यापीठांना अभ्यासासाठी द्याव्यात. पाठ्यपुस्तकातील शब्द आणि व्याकरणाचे घटक कोणत्या मोजणीवर निवडले, हे बालभारतीने पुस्तकातच छापावे.

घाई करायला एक कारण आहे. घरचा अभ्यास आता एआयकडून लिहून घेता येतो आणि ते इंग्रजी सगळ्यांचे सारखेच गुळगुळीत असते. मूल स्वतः काय लिहिते, याचा भरवशाचा पुरावा यापुढे वर्गात हाताने लिहिलेल्या कागदावरच मिळेल.

आक्षेप काय?

कॉर्पस फक्त वापर दाखवतो, बरोबर-चूक ठरवत नाही, हा आक्षेप योग्य आहे. निर्णय शिक्षकालाच घ्यायचा आहे, फक्त तो पुरावा पाहून घ्यायचा. परदेशी संग्रहांतील वाक्ये मिरजगावच्या मुलाला परकी वाटतात, हेही खरे. ज्वारी, पाणीटंचाई, ऊसतोड, रेहेकुरीची काळविटे यांवरची वाक्ये तेथे क्वचितच मिळतील. म्हणूनच आपला संग्रह हवा. आणि गुण शेवटी पुस्तकाप्रमाणेच मिळतात, या आक्षेपाचे उत्तर शिक्षकाकडे नाही, मंडळाकडे आहे.

तोवर शिक्षकाला एक गोष्ट उद्याच करता येईल. आठवड्यातून एकदा, एका वादग्रस्त शब्दाच्या १० खऱ्या ओळी फळ्यावर लिहायच्या आणि विचारायचे : यात तुम्हाला काय दिसते? सुरुवात 'एक्झाम' या शब्दाने करायला हरकत नाही.